वाकळीच्या पोटातली हवा

आधी एक पैज लावूया. झाकणाच्या दोन सारख्या डब्या घ्या. दोन्हींत बर्फाचे सारखेच खडे भरा आणि झाकणं घट्ट लावा. एक डबी टेबलावर तशीच राहू द्या. दुसरी घरातल्या जाडजूड वाकळीत गुंडाळा, चांगली चार-पाच घड्यांच्या आत. आता सांगा, कोणता बर्फ आधी वितळेल?

‘वाकळीतला! वाकळ किती गरम असते!’ असं बहुतेक जण म्हणतील. मग टेबलावरच्या डबीवर लक्ष ठेवा. तिच्यातल्या बर्फाचं पुरतं पाणी झालं की लगेच वाकळ उघडा आणि आतली डबी हलवून पाहा. खडे अजून खुळखुळतील! उबदार पांघरुणात घातलेला बर्फ उघड्यावरच्या बर्फापेक्षा जास्त वेळ टिकला.

म्हणजे वाकळ गरम नसतेच मुळी. खात्री करायची तर घडी घालून ठेवलेल्या वाकळीत रात्रभर तापमापी ठेवा आणि दुसरी तापमापी खोलीच्या भिंतीवर टांगा. सकाळी दोन्हींवर जवळजवळ सारखाच आकडा दिसेल. मग रात्री आपल्याला ऊब कुठून येते? ती आपलीच असते. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि खाल्लेल्या भाकरीच्या जोरावर शरीर सतत उष्णता तयार करत असतं. शांत बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो. झोपेत थोडी कमी, पण टाकतोच. ही उष्णता वाकळ बाहेर जाऊ देत नाही. आणि बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोचू देत नाही, तेही त्याच कारणाने. वाकळीला आत कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. ती फक्त उष्णतेची वाट अडवते.

कशाने अडवते? याचं उत्तर शोधायला आपण चंदगडला जाऊ.

कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे चंदगड तालुका. पूर्वेला बेळगाव. पश्चिमेला घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढे गोवा. घटप्रभा आणि ताम्रपर्णी या नद्या या तालुक्यातून वाहतात. भात, नाचणी, काजू ही इथली पिकं, आणि पाऊस म्हणाल तर असा की जूनमध्ये सुरू झाला की कपडे वाळवायला उन्हाची तिरीप मिळणं मुश्कील. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक, म्हणजे आंबोली, इथून फार लांब नाही. अशा गारठ्यात घरोघरी एक चीज हवीच हवी, ती म्हणजे वाकळ. पुण्या-सोलापूरकडे हिला गोधडी म्हणतात आणि इथून थोडं पूर्वेला कन्नड घरांत कौदी. करायची रीत मात्र सगळीकडे एकच: जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि हाताने टाके घालून ते एकमेकांना बांधून टाकायचे.

माझी मावशी चंदगडजवळच्या एका गावात शिवणकाम करते. झंपर, परकर, शाळेचे गणवेश. घरातली रस्त्याकडची खोली तिने शिवणासाठी ठेवली आहे. खिडकीपाशी पायाची मशीन, भिंतीला टेपा आणि कात्र्या, आणि कोपऱ्यात एक भलंमोठं गाठोडं. या गाठोड्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. वर्षभराचं कातरण त्यात जमा होतं: बाह्यांच्या बाजूच्या चिंध्या, गळ्यातून निघालेले अर्धगोल तुकडे, गणवेशाच्या निळ्या कापडाच्या पट्ट्या. घरातले जुने कपडेही त्यातच जातात. शेतीची कामं उरकली की उन्हाळ्यात मावशी गाठोडं सोडते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत त्यातून वाकळा बाहेर पडतात.

ती आधी जमिनीवर एक जुनं लुगडं दुहेरी करून पसरते. नऊवारी लुगडं चांगलं आठ मीटरच्या वर लांब असतं, त्यामुळे एकाच लुगड्यात खालची आणि वरची अशा दोन्ही बाजू होतात. मधल्या जागेत जुने सदरे, धोतराचे तुकडे, ओढण्या, कातरणाच्या पट्ट्या नीट जुळवून पसरते. कुठे उंच, कुठे खळगा राहता कामा नये. मग वरचा पदर ओढून घेते आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागेवर बसवते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. जाड सुई आणि जाड दोरा घ्यायचा, बोटाला चिंधी गुंडाळायची आणि काठापासून धावदोरा घालत घालत चौकोनी फेऱ्यांनी आत मधोमध यायचं.

आता या वाकळीत आहे काय काय? सुती कापड, दोरा, बरोबर. पण सगळ्यांत जास्त जागा कुणी अडवली आहे सांगा पाहू. हवेने!

खरंच. दोन थरांच्या मध्ये हवा, विणीच्या छिद्रांत हवा, धाग्याच्या पिळात हवा. आणि हवा ही उष्णतेची मोठी मंद वाहक आहे. पदार्थाच्या एका कणाकडून शेजारच्या कणाकडे उष्णता सरकते, याला वहन म्हणतात, हे तुम्ही सातवीत शिकला असाल. खो-खोचा खेळ आठवा. खेळाडू जवळजवळ बसलेले असतील तर खो झटपट पुढे जातो. तेच खेळाडू मैदानभर लांब लांब बसवले तर एका खोला किती वेळ लागेल! लोखंडाचे कण अगदी दाटीवाटीने बसलेले असतात, हवेचे लांब लांब. लोखंडातून उष्णता हवेच्या सुमारे तीन हजार पट सहज वाहते. पाण्यातूनसुद्धा हवेच्या वीस पटींहून जास्त. हा पाण्याचा आकडा लक्षात ठेवा, चंदगडच्या पावसात त्याचं काम पडणार आहे.

इथे एखादी हुशार मुलगी विचारेल, हवाच जर एवढी चांगली, तर मग वाकळ कशाला? उघड्या हवेतच झोपू की!

प्रश्न अगदी बरोबर आहे. अडचण अशी की मोकळी हवा एका जागी बसत नाही. अंगाजवळची हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, ती तापते, तीही जाते. प्रत्येक वेळी आपली थोडी थोडी उष्णता घेऊन जाते. याला अभिसरण म्हणतात. म्हणजे हवा फार उपयोगाची, पण ती कोंडून, स्थिर बसवली तरच. आणि कोंडायची तीही बारीक बारीक जागांत. एका मोठ्या पोकळीत हवा कोंडली तर ती आतल्या आत गोल गोल फिरत राहते आणि एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला नेऊन टाकते. जागा काही मिलिमीटरची असेल तर मात्र दोन्ही बाजूंच्या कापडाला घासून हवेची हालचाल थंडावते. म्हणूनच एका जाड कापडापेक्षा चार पातळ कापडांचे थर जास्त ऊब धरतात. मावशी आठ-दहा थर घालते तेव्हा ती खरं तर हवेचे आठ-दहा पातळ पापुद्रे एकावर एक रचत असते.

हे पापुद्रे धरून ठेवायला कापूस फार गुणाचा. कापसाचा एक तंतू म्हणजे कापसाच्या बीवर उगवलेली एकच एक पेशी! आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, आणि ही एक पेशी अडीच-तीन सेंटिमीटर लांब. जाडी मात्र केसापेक्षाही कमी, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. झाडावर बोंड बंद असतं तेव्हा ही पेशी गोल नळीसारखी असते. बोंड फुटलं, ऊन लागलं, आतला रस वाळला की नळी चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. असे पीळ पडलेले हजारो तंतू एकमेकांत अडकले की सूत होतं. पीळ असल्यामुळेच ते एकमेकांना सपाट चिकटत नाहीत आणि मधे हवा राहते. कापूस फुगीर का दिसतो, याचं हे गुपित.

आता मावशीच्या गाठोड्याकडे परत. एकदा मी विचारलं होतं, ‘मावशी, नवं कापड आणून वाकळ केली तर?’ ती म्हणाली, ‘अगो, नव्याची वाकळ कडक व्हते. अंगाला लागत न्हाई.’ तिच्या म्हणण्यात विज्ञान आहे. माग सुरू व्हायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावतात, नाहीतर मागाच्या दणक्यांनी धागे तुटतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जाऊन पाहा, ताण्याला खळ लागलेली दिसेल. त्या खळीने आणि नंतरच्या प्रक्रियांनी नवं कापड ताठ राहतं. दर धुण्याला ताठरपणा कमी होतो, घासून घासून तंतूंची टोकं वर येतात आणि कापडावर बारीक लव उभी राहते. त्या लवेत पुन्हा हवा! दहा वर्षं नेसलेलं लुगडं मऊ लागतं ते उगाच नाही. त्यावर शेकडो धुणी झालेली असतात.

तुकडे कसे जोडावेत यातही गंमत आहे. एक सुती हातरुमाल घ्या. काठाला समांतर ओढा. फारसा ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. लांबला! कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. सरळ ओढलं तर धाग्यालाच ताण बसतो आणि धागा सहज लांबत नाही. तिरपं ओढलं तर धागे लांबत नाहीत, पण त्यांच्यातला काटकोन मोडतो. विणीतला प्रत्येक चौरस दबून समभुज चौकोन होतो आणि कापड लांबतं. शिंपी याला उरेब म्हणतात. गळ्याला गोल वळवायची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी. वाकळीच्या काठाला मात्र उरेब तुकडा चालत नाही. वाकळ ओढली जाते, वाळत टाकली की स्वतःच्या वजनाने लोंबते, मग असा काठ वेडावाकडा होतो. मावशी काठाला नेहमी लुगड्याचा सरळ काठ लावते. तिथली वीण दाट असते.

थोडं गणितही करूया, वही घ्या. तुकड्या-तुकड्यांची वाकळ शिवताना दोन तुकडे जोडले की दोन्हींची थोडी कड शिवणीत जाते. तिला माया म्हणतात. समजा प्रत्येक बाजूला पाव इंच माया सोडली. शिवल्यावर ६ इंचाचा चौरस हवा असेल तर साडेसहा इंचाचा कापावा लागेल. ६.५ गुणिले ६.५ म्हणजे ४२.२५ चौरस इंच कापड, आणि त्यातलं दिसणार ३६. साधारण १५ टक्के कापड शिवणीत गेलं. आता चिंध्या बारीक आहेत आणि २ इंचाचेच चौरस करायचे आहेत. कापायचा अडीच इंचाचा, म्हणजे ६.२५ चौरस इंच, दिसणार ४. तब्बल ३६ टक्के मायेत! तुकडा जितका लहान तितका शिवणीत जाणारा भाग मोठा. नवं कापड विकत आणणाऱ्याला हे परवडायचं नाही. वाकळीत मात्र माया वाया जात नाही, ती आतच राहते आणि तिथे आणखी एक थर होतो.

तुकडे मोजाल तर साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब वाकळीला ६ इंची चौरस १०८ लागतात आणि २ इंची ९७२. बारीक चिंध्या मावशी म्हणूनच आतल्या थरात पसरून टाकते, वरच्या बाजूला जोडत बसत नाही.

मावशीकडे एवढी चांगली मशीन असताना ती वाकळ हाताने का शिवते? मलाही हे कोडं होतं. मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं. ही युक्ती वापरून एलियास होवे या अमेरिकन माणसाने १८४६ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, बॉबिनचा दोरा त्याच्या फासातून फिरतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. टीप पक्की बसते. पण जाड थर मशीनखाली घातले की वेगळीच अडचण येते. मशीनचे दात खालून कापड पुढे ढकलतात, आणि वरून मशीनचा पाय कापड दाबून बसलेला असतो. त्यामुळे खालचं कापड पुढे सरकतं, वरचं मागे रेंगाळतं, आणि शिवण संपेपर्यंत वरच्या बाजूला चुण्यांचा ढीग होतो. शिवाय मशीनची टीप सगळे थर एका रेषेत आवळून टाकते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली पोहत जातो. त्याला जरा सैल राहायला जागा असते. वाकळ वळवली, चुरगळली की टाका थोडा सरकतो आणि थरांना हलू देतो. म्हणून हातची वाकळ अंगाभोवती लपेटली जाते. मशीनवर शिवलेल्या वाकळीही हल्ली मिळतात, भराभर होतात आणि धुवायला मजबूत असतात. तरी मला हातचीच आवडते.

टाके किती जवळ घालायचे हा तर खरा कसबाचा भाग. प्रत्येक टाक्यापाशी थर एकमेकांना चिकटतात, हवा निसटते आणि त्या ठिकाणी वाकळ पातळ होते. टाके फार दाट घातले तर वाकळ चटईसारखी टणक होते आणि तिच्यात हवाच उरत नाही. फार विरळ घातले तर दोन-चार धुण्यांत आतल्या चिंध्या घरंगळून एका कोपऱ्यात गोळा होतात, आणि बाकीच्या जागी नुसती दोन कापडं उरतात. मावशी दोन ओळींत साधारण एका बोटाचं अंतर ठेवते. हिशेबाच्या सोयीसाठी बोटाऐवजी एक इंच आणि फेऱ्यांऐवजी सरळ ओळी धरू. साडेचार फुटांत ५४ ओळी, प्रत्येक ६ फुटांची. एकूण ३२४ फूट, म्हणजे जवळजवळ १०० मीटर शिवण! इंचाला तीन टाके पडले तर टाके होतात ११,६६४. पुढच्या वेळी वाकळीत शिराल तेव्हा एका ओळीतले टाके मोजून पाहा, आणि तुमच्या वाकळीचा हिशेब स्वतः मांडा.

आणखी एक बघा. तीच वाकळ अंगावर घेतली तर जास्त ऊब देते, आणि खाली अंथरली तर कमी. खाली आपल्या वजनाने थर दबतात आणि त्यांच्यातली हवा बाहेर पडते. थंडीत खाली एक वाकळ जास्त घालायला आजी का सांगते, कळलं?

आता पाऊस. मघाशी पाण्याचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. कापूस पाण्याचा मोठा लोभी. साधारण दमट हवेत १०० ग्रॅम सुती कापड ७-८ ग्रॅम पाणी नुसतं हवेतून ओढून धरतं, आणि चंदगडच्या आषाढात तर याहून जास्त. वाकळीच्या छिद्रांत हवेच्या जागी पाणी आलं की उष्णता वीस पटींहून जास्त सहज वाहू लागते. वर ते पाणी सुकताना आपल्याच अंगाची उष्णता घेतं. ओलसर वाकळ पांघरून काकडत झोपावं लागतं ते यामुळे. म्हणून पावसाळ्यात वाकळा जमिनीपासून उंच, वलणीवर नाहीतर चुलीजवळच्या दोरीवर टाकतात. चार मिनिटं ऊन पडलं की सगळ्या गावातल्या वाकळा एकदम अंगणात येतात!

शेतात जाताना मात्र कुणी वाकळ घेऊन जात नाही. तिथे घोंगडं. मेंढीच्या लोकरीला जात्याच थोडं तेल असतं, त्यावरून पाण्याचे थेंब घरंगळतात. आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. ते बाष्प शोषताना उलट थोडी उष्णता बाहेर टाकते. लोकरीचे तंतू नागमोडी आणि लवचीक असल्यामुळे भिजूनही पूर्ण चपटे होत नाहीत, हवा धरून राहतात. चिंचोक्याची खळ दिलेलं धनगरी घोंगडं डोक्यावरून घेतलं की भर पावसात रोप लावता येतं. बाहेर लोकर आणि घरात कापूस, ही वाटणी इथल्या माणसांनी पाऊस पाहून केलेली आहे.

ऊन लागलेल्या वाकळीचा वास तुम्हाला आवडतो? मला फार आवडतो. उन्हात पाणी उडून जातं, दबलेले तंतू पुन्हा सुटे होतात, वाकळ फुगते. अंथरुणात राहणारे धुळीतले किडे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, डोळ्यांना सहसा न दिसणारे, हवेतल्या दमटपणावरच जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतलं बाष्प शोषतात. कडक उन्हात त्यांचं पाणीच तोडलं जातं. या किड्यांमुळे काही मुलांना शिंका आणि दम्याचा त्रास होतो, त्यांच्या घरी तर पांघरुणांना ऊन दाखवायलाच हवं.

चिंध्यांतून ऊब काढणारी माणसं जगभर आहेत. चंदगडपासून फार लांब जायला नको. बेळगावच्या पुढे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आले. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे शब्द ऐकू येतात. सिद्दी बायका आपल्या वाकळीला कवंद म्हणतात. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात, काठाकाठाने रंगीत तुकडे लावत फेऱ्या मारतात आणि शेवटी मधोमध पोचतात. चारही कोपऱ्यांना घड्या घालून केलेली कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आणि तिकडे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या छोट्या गावात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या लेकी-नाती शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या वाकळा शिवत आल्या. थंडीत फटींतून वारा येणाऱ्या घरांसाठी शिवलेल्या त्या वाकळा २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली.

इतकंच काय, थरांची युक्ती अवकाशातही गेली आहे. उपग्रहाच्या फोटोत त्याच्याभोवती सोनेरी चकचकीत पांघरूण दिसतं ना? तेही अनेक पातळ थरांचं असतं, दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक जाळी. तिथे हवा नाहीच, म्हणून वहन आणि अभिसरणाची भीती कमी. उष्णता जाते ती प्रारणाने, म्हणजे सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते तशी. प्रत्येक चकचकीत थर ती परत फिरवतो.

परत गावी येऊ. नवरात्रात घट बसायच्या आधी चंदगड भागात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. ताम्रपर्णीच्या काठावर त्या दिवसांत दगडांवर वाकळा आपटल्याचा आवाज घुमतो. भिजलेली वाकळ इतकी जड होते की दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. एवढा मार खाऊन ती फाटत कशी नाही? कारण सुती धागा ओला झाल्यावर कोरड्यापेक्षा मजबूत होतो, दहा ते वीस टक्क्यांनी! पाणी आत शिरलं की तंतू फुगतो, आतल्या लांबच लांब साखळ्या थोड्या सरकून नीट जुळतात आणि ताण सगळ्यांवर वाटला जातो. रेयॉनचं उलटं आहे, ते ओलं झालं की बरंच कमकुवत होतं. रेयॉनची ओढणी मावशी वाकळीत घालत नाही, हे तिने धुऊन धुऊन शोधलेलं ज्ञान.

अलीकडे तिच्या गाठोड्यात पॉलिएस्टरचे तुकडे फार येतात, आणि ती ते बाजूला काढते. ओळखायचे कसे, ही तिची पद्धत तुम्हीही करून पाहा. तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाका. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात तो लगेच पसरून मुरतो. पॉलिएस्टरवर बहुधा वेळ काढतो, कधी मणी होऊन बसतो. पॉलिएस्टर जवळजवळ पाणीच पीत नाही, त्यामुळे झोपेतला घामही शोषत नाही आणि अंग चिकचिकतं.

वाकळ फाटली तर? तिच्यावर ठिगळ लावतात. फारच विरली तर ती नव्या वाकळीच्या आतला थर होते. आणि अगदी शेवटी काय होतं ते तुम्हाला स्वतः पाहता येईल. एका कुंडीत ओली माती घ्या. हाताच्या पंजाएवढा जुना सुती तुकडा आणि तेवढाच पॉलिएस्टरचा तुकडा, दोन्ही चार बोटं खोल पुरा. कुठे कोणता पुरलाय ते कळायला दोन वेगळ्या काड्या रोवा. माती सुकू देऊ नका. कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज, आणि मातीतल्या बुरशा आणि जिवाणू सेल्युलोज आवडीने खातात. आज तारीख वहीत लिहा, दर पंधरा दिवसांनी हळूच उकरा आणि दोन्ही तुकड्यांची चित्रं काढा. जून ते सप्टेंबर हा त्यासाठी उत्तम काळ, कारण पाणी घालायचं काम पाऊसच करेल.